न दिसणारे मोजायला शिकवणारा वकील

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कुठल्याही रुग्णालयात जा, खाटेशेजारच्या दांडीला सलाइनची बाटली टांगलेली दिसते. नातेवाइकांचे डोळे पडणाऱ्या थेंबांकडे असतात, बाटलीवरची बारीक अक्षरे कोणी वाचत नाही. मिठाच्या बाटलीवर 0.9 टक्के लिहिलेले असते, म्हणजे लिटरभर पाण्यात 9 ग्रॅम मीठ. शेजारच्या रुग्णाला ग्लुकोजची बाटली चालू असेल, तर तिच्यावर 5 टक्के, म्हणजे लिटरला 50 ग्रॅम. एकीत 9 ग्रॅम आणि दुसरीत 50 ग्रॅम, तरी दोन्ही शिरेतून जाताना रक्ताला मानवतात. तांबड्या पेशी फुगून फुटत नाहीत की सुकून आक्रसत नाहीत. साध्या पाण्याची बाटली लावली असती तर त्या फुटल्या असत्या.

वजनात पाचपटींहून अधिक फरक असताना हे जमते कसे? पेशीचे आवरण ग्रॅम ओळखत नाही. पाण्यात विरघळलेले कण किती आहेत, तेवढेच त्याला कळते. पण मिठाचे किंवा साखरेचे कण मोजायचे कोणी आणि कसे? ते सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. या मोजणीची पहिली किल्ली ज्याने शोधली तो ना डॉक्टर होता ना रसायनशाळेत वाढलेला. तो इटलीतला एक वकील होता. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात एका अगडबंब आकड्याशेजारी त्याचे नाव येते आणि बहुतेकांच्या डोक्यातून परीक्षेनंतर आकड्यासकट निघून जाते.

लोरेन्झो रोमानो अमेदेओ कार्लो ॲव्होगॅड्रो यांचा जन्म 9 ऑगस्ट 1776 रोजी उत्तर इटलीतल्या तुरिन शहरात झाला. घराणे सरदारकीचे आणि पिढ्यान्‌पिढ्या कायदेपंडितांचे. आडनावाचे मूळसुद्धा चर्चच्या वकिलीत आहे. वडील फिलिप्पो न्यायखात्यात मोठ्या पदावर होते, तेव्हा मुलाची वाट ठरलेलीच होती. सोळाव्या वर्षी कायद्याची पदवी, विसाव्या वर्षी चर्चच्या कायद्यात डॉक्टरेट, मग वकिली. आपल्या चौंडीच्या लेक अहिल्यादेवी 1795 मध्ये वारल्या, तेव्हा हा मुलगा तुरिनमध्ये कायद्याच्या पोथ्या वाचत होता.

वकिलीत मन लागले नाही. पंचविशीच्या आसपास त्यांनी फावल्या वेळात गणित आणि भौतिकशास्त्र शिकायला सुरुवात केली, तीही बरीचशी स्वतःच. इटलीतल्याच व्होल्टा यांनी 1800 मध्ये विजेची पहिली बॅटरी जगापुढे ठेवली होती आणि त्या नव्या विजेने अनेकांना वेड लावले होते. 1803 मध्ये ॲव्होगॅड्रो आणि त्यांचे भाऊ फेलिचे यांनी मिळून विजेवरचा एक निबंध तुरिनच्या विज्ञान अकादमीला पाठवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इकडे वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला शिंद्यांकडून घेतला. तिकडे तुरिनही नेपोलियनच्या फ्रान्सच्या ताब्यात गेलेले होते. राज्ये दोन्हीकडे बदलत होती. हा गृहस्थ मात्र तिशीकडे झुकताना व्यवसाय बदलण्याच्या विचारात होता. 1806 मध्ये तुरिनमधल्या एका महाविद्यालयात प्रयोग दाखवणाऱ्या सहायकाची नोकरी मिळाली आणि 1809 मध्ये व्हेर्चेली इथल्या रॉयल कॉलेजात प्राध्यापकी. व्हेर्चेली म्हणजे भातशेतीच्या मुलखातले एक लहान शहर. पॅरिस, लंडन, स्टॉकहोम या विज्ञानाच्या राजधान्यांपासून दूर. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम इथे झाले.

त्या काळी रसायनशास्त्रात एक भांडण पेटले होते. इंग्लंडचे जॉन डाल्टन म्हणत, सगळे पदार्थ अणूंचे बनलेले आहेत आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन ठरलेले आहे. फ्रान्सचे गे-ल्युसॅक यांनी 1808 मध्ये दाखवले की वायू एकमेकांशी संयोग पावतात ते अगदी सरळ प्रमाणात: दोन माप हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून दोन माप वाफ होते. मापे इतकी नेमकी का जुळावीत? सोपे उत्तर असे की सारख्या मापाच्या वायूंत कणांची संख्याही सारखीच असावी. डाल्टन यांना ते पटेना, आणि त्यांची शंका खुळी नव्हती. एक माप ऑक्सिजनमध्ये 100 कण आहेत असे धरा. मग दोन माप वाफेत 200 कण झाले, आणि वाफेच्या प्रत्येक कणात ऑक्सिजन हवा. 100 कणांतून 200 वाटे कसे निघणार? अणू तर फुटत नाही. शिवाय वाफेच्या कणात ऑक्सिजनवर हायड्रोजनची भर पडलेली, म्हणजे वाफ ऑक्सिजनपेक्षा जड हवी. प्रत्यक्षात ती हलकी असते.

ॲव्होगॅड्रो यांनी 1811 मध्ये फ्रेंच भाषेत लिहिलेला निबंध पॅरिसच्या एका भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. पहिली, सारखे तापमान आणि सारखा दाब असेल तर कोणत्याही वायूच्या सारख्या मापात कणांची संख्या सारखीच असते. दुसरी, हे कण सुटे अणू नसून अणूंचे जोड असू शकतात, ज्यांना आज आपण रेणू म्हणतो. ऑक्सिजनचा कण जोडीचा आहे. संयोगाच्या वेळी अणू फुटत नाही, जोडी फुटते. 100 जोड्यांचे 200 अणू झाले, 200 वाफेचे कण तयार झाले. प्रत्येकाला अर्धीच जोडी मिळाली, म्हणून वाफ ऑक्सिजनपेक्षा हलकी. डाल्टन यांच्या दोन्ही शंका एकाच उत्तरात मिटल्या.

यातून निघालेली पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. दोन सारख्या बाटल्यांत वेगवेगळे वायू भरले आणि दोन्हींत कण तेवढेच असतील, तर बाटल्यांतल्या वायूंचे वजन करणे म्हणजे एकेका कणाच्या वजनाची तुलना करणे झाले. ऑक्सिजन भरलेल्या बाटलीतला वायू हायड्रोजनपेक्षा सोळापट जड भरतो, म्हणून ऑक्सिजनचा रेणू हायड्रोजनच्या रेणूपेक्षा सोळापट जड. कण न पाहता, न पकडता, साध्या तराजूवर. बँकेत नाण्यांच्या थैल्या वजनावर मोजतात तसेच हे. फरक इतकाच की इथे एकही नाणे कोणी पाहिलेले नव्हते.

निबंध छापला गेला आणि पुढची पन्नास वर्षे जवळजवळ कोणी त्याची दखल घेतली नाही. 1814 मध्ये फ्रान्सचे अँपिअर स्वतंत्रपणे तशाच विचारापर्यंत पोहोचले, पण त्यांनीही काही फरक पडला नाही. स्वीडनच्या बर्झेलियस यांचा शब्द तेव्हा रसायनशास्त्रात अखेरचा होता. त्यांच्या मते अणू एकमेकांना धरून राहतात ते विरुद्ध विद्युतभारामुळे, तेव्हा एकाच जातीच्या दोन अणूंची जोडी होणे शक्यच नाही. दोष सगळा दुसऱ्यांचा होता असे मात्र म्हणता येत नाही. ॲव्होगॅड्रो यांची भाषा अवघड होती. रेणू या एकाच शब्दाला वेगवेगळी विशेषणे लावून ते कधी अणू, कधी रेणू असा अर्थ काढत, त्यामुळे वाचणारा गोंधळे. स्वतःचे प्रयोग थोडे. आपली कल्पना त्यांनी पुरेशा पुराव्याशिवाय वायूंबाहेरच्या पदार्थांनाही लावून पाहिली. भेटीगाठी, पत्रव्यवहार, प्रवास यांची आवड नव्हती. चांगले संशोधन मांडणीत मार खाते याची उदाहरणे वैद्यकातही काही कमी नाहीत.

त्या दुर्लक्षाची किंमत साऱ्या रसायनशास्त्राने मोजली. ऑक्सिजनचे वजन कोणी 8 धरी, कोणी 16. पाण्याचे सूत्र कोणी एका हायड्रोजनचे लिही, कोणी दोन हायड्रोजनचे. सिरक्यातल्या आम्लासाठी वापरात असलेली सूत्रे जर्मनीच्या केकुले यांनी 1861 च्या आपल्या पाठ्यपुस्तकात एकत्र छापली, ती 19 निघाली. औषध म्हणून वापरायच्या पदार्थाची रचनाच ठरत नसेल तर त्याची शुद्धता आणि मात्रा ठरणार कशी?

ॲव्होगॅड्रो यांचे स्वतःचे आयुष्य मात्र शांतपणे, थोड्या ठेचा खात चालले होते. 1820 मध्ये तुरिन विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्राचे अध्यासन निघाले आणि ते त्यांना मिळाले. पुढच्याच वर्षी तिथे राजाविरुद्ध उठाव झाला, तो मोडला गेला, आणि त्यानंतरच्या धरपकडीच्या वातावरणात 1823 पर्यंत हे अध्यासनही गेले. संशोधनाला अधिक वेळ मिळावा म्हणून त्यांना शिकवण्यातून मोकळे करत आहोत, असे सरकारी कारण देण्यात आले. सरकारी कागदांची भाषा सगळीकडे सारखीच. सहा मुलांच्या या बापाला पुन्हा कायद्याच्या कामाकडे वळावे लागले. दहा-अकरा वर्षांनी जागा परत मिळाली आणि 1850 मध्ये निवृत्त होईपर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. 1837 ते 1841 या काळात त्यांचा पदार्थविज्ञानावरचा चार खंडांचा ग्रंथ निघाला. शिक्षण, हवामान, वजने आणि मापे यांसंबंधीच्या सरकारी समित्यांवर त्यांनी काम केले आणि आपल्या प्रांतात मेट्रिक मापे आणण्यात त्यांचा हात होता. आज ज्या पद्धतीच्या सात मूळ एककांपैकी एक त्यांच्या कल्पनेवर उभे आहे, तिचाच प्रचार ते करत होते. 9 जुलै 1856 रोजी तुरिनमध्येच, 79व्या वर्षी ते गेले. रसायनशास्त्रात तोवर त्यांचे नाव क्वचितच निघे.

चार वर्षांनी, सप्टेंबर 1860 मध्ये, जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथे सव्वाशेहून अधिक रसायनशास्त्रज्ञ जमले. अणूंच्या वजनांचा घोळ एकदाचा मिटवावा हा हेतू. तीन दिवस चर्चा झाली, निर्णय काहीच झाला नाही. सिसिलीचे स्टानिस्लाओ कॅनिझारो यांनी तिथे ॲव्होगॅड्रो यांची बाजू जोरात मांडली. आपल्या विद्यार्थ्यांना ते हा विषय कसा शिकवतात याची 1858 ची त्यांची एक छोटी पुस्तिका होती, ती त्यांच्या मित्राने शेवटी सर्वांना वाटली. ती घेऊन गेलेल्यांत लोथार मायर होते. मायर यांचे मूळ शिक्षण वैद्यकाचे आणि पहिले संशोधन रक्तातल्या वायूंवरचे. पुस्तिका वाचल्यावर त्यांचा सगळा संशय फिटला. त्याच सभेला रशियाचे तरुण मेंडेलीव्ह हजर होते. नऊ वर्षांनी त्यांनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडली, ती याच दुरुस्त झालेल्या वजनांच्या आधारावर.

वजने जुळली आणि मोजणीचे एक सोपे माप हाती आले. पाण्याच्या रेणूचे वजन 18, ग्लुकोजचे 180, साखरेचे 342, मिठाचे साडेअठ्ठावन्न. तेव्हा 18 ग्रॅम पाणी, 180 ग्रॅम ग्लुकोज, 342 ग्रॅम साखर आणि साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ यांत कणांची संख्या सारखीच. या ठरावीक संख्येला पुढे मोल हे नाव पडले. राहात्याच्या पेरूंचा एक डझन आणि श्रीगोंद्याच्या लिंबांचा एक डझन यांचे वजन सारखे नसते, नग मात्र तेवढेच असतात. मोल हा तसाच रसायनाचा डझन आहे. गंमत अशी की एका मोलमध्ये नेमके किती नग हे तेव्हा कोणालाच नीट ठाऊक नव्हते, आणि त्यावाचून काही अडतही नव्हते. दोन पदार्थांचे नग सारखे घ्यायचे असतील तर वजने ठाऊक असली की पुरते.

हा वायूंचा नियम रक्तापर्यंत आणला तो हॉलंडच्या व्हान्ट हॉफ यांनी. पाण्यात विरघळलेले कण वायूच्या कणांसारखेच वागतात आणि पडद्यापलीकडच्या पाण्यावर त्यांची ओढ किती पडेल हे त्यांच्या संख्येवर ठरते, असे त्यांनी 1887 मध्ये दाखवले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल, 1901 चे, त्यांना मिळाले. आता त्या दोन बाटल्यांचा हिशोब लागतो. 9 ग्रॅम मीठ म्हणजे 154 मिलिमोल. मिलिमोल म्हणजे मोलचा हजारावा भाग. पाण्यात मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन तुकडे होतात, म्हणजे कण झाले 308. 50 ग्रॅम ग्लुकोज म्हणजे 278, आणि त्याचे तुकडे होत नाहीत. रक्तातला आकडा साधारण 290 च्या आसपास. दोन्ही बाटल्या त्याच्या अलीकडे-पलीकडे.

जुलाबावरच्या ओआरएसच्या पुडीतही हाच हिशोब भरलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या प्रमाणानुसार लिटरच्या पुडीत ग्लुकोज 13.5 ग्रॅम, मीठ 2.6 ग्रॅम, सोडियम सायट्रेट 2.9 ग्रॅम आणि पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम असते. वजनाकडे पाहिले तर ती साखरेचीच पुडी वाटते. मोजणीने पाहिले तर ग्लुकोज 75 मिलिमोल आणि सोडियमही 75. आतड्याच्या भिंतीतून हे दोघे हातात हात घालून आत जातात आणि पाणी त्यांच्यामागून येते, म्हणून त्यांची संख्या जुळवलेली आहे. सगळे कण मिळून 245, रक्तापेक्षा थोडे कमी. आता घाईत कोणी लिटरची पूर्ण पुडी पेलाभर, म्हणजे 200 मिलिलिटर पाण्यात घोळली, तर हाच आकडा बाराशेच्या वर जातो. असे पाणी पोटात गेले की आतडे पाणी घेण्याऐवजी शरीरातले पाणी बाहेर ओढते, जुलाब वाढतात आणि लहान मुलाच्या रक्तात सोडियम धोक्याच्या पातळीवर जाऊ शकते. बाजारात 200 मिलिलिटरची वेगळी लहान पुडीही मिळते, त्यामुळे पुडीवर किती पाणी लिहिले आहे ते पाहूनच घोळावी. थंड पेयांत साखर भरमसाट आणि सोडियम नावापुरते, ती इथे उपयोगाची नाहीत.

मोजणी चुकली तर काय होते याचे सर्वांत धारदार उदाहरण पोटॅशियमचे आहे. रुग्णालयात पोटॅशियम क्लोराइडची 10 मिलिलिटरची एक लहान कुपी असते. तिच्यात दीड ग्रॅम औषध, म्हणजे 20 मिलिमोल पोटॅशियम. मोठ्या माणसाच्या अंगात रक्तद्रव साधारण तीन लिटर आणि त्यात लिटरला सुमारे 4 मिलिमोल पोटॅशियम, म्हणजे एकूण बारा. दीड ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटते, पण रक्तद्रवात जेवढे पोटॅशियम आहे त्याहून ते जास्त आहे. कुपी एकदम शिरेत गेली तर हृदय बंद पडते. म्हणून ती नेहमी बाटलीत पातळ करून, तासाला किती मिलिमोल जाणार हे ठरवून, थेंबाथेंबाने देतात.

रक्तातली साखर आपल्याकडे अजून मिलिग्रॅममध्ये सांगतात, इंग्लंडमध्ये मिलिमोलमध्ये. तिकडे असलेल्या मुलाने फोनवर उपाशीपोटीची साखर 7 आली असे सांगितले तर इकडे कोणी ती कमी झाली असे समजू नये. ग्लुकोजचे वजन 180 असल्यामुळे तिकडच्या आकड्याला 18 ने गुणायचे. 7 म्हणजे 126, आणि उपाशीपोटी 126 ही मधुमेहाची रेषा आहे.

राहिला प्रश्न मोलमधल्या नगांचा. ऑस्ट्रियाच्या लोशमिट यांनी 1865 मध्ये हवेच्या रेणूच्या आकाराचा पहिला चांगला अंदाज काढला. नेमका आकडा काढून अणूंविषयीचा उरलासुरला संशय घालवला तो फ्रान्सच्या जाँ पेरँ यांनी, 1908 च्या सुमारास. आपल्या अकोले तालुक्यातल्या कळसूबाईवर, 1646 मीटरवर, हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा साधारण सहाव्या भागाने कमी असतो. वर जावे तशी हवा विरळ होते. पेरँ यांनी एका पिवळ्या डिंकाचे अतिसूक्ष्म, सारख्या आकाराचे गोळे पाण्याच्या थेंबात सोडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली थरांमागून थर मोजले. केसाएवढ्या उंचीत ते गोळे कळसूबाईवरच्या हवेसारखेच विरळ होत गेलेले दिसले. गोळ्याचे वजन ठाऊक होते, त्यावरून मोलमधली संख्या निघाली. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये मांडलेल्या गणिताशी ती जुळली. अणू आहेत की नाहीत यावर वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यानंतर माघार घेतली. पेरँ यांना 1926 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. 1909 मध्ये या संख्येला ॲव्होगॅड्रो यांचे नाव त्यांनीच सुचवले होते.

ती संख्या म्हणजे 602 कोटी कोटी कोटी. प्रवरानगरच्या कारखान्याची असो की आणखी कुठली, चहात टाकलेल्या सपाट चमचाभर, चार ग्रॅम साखरेत सात कोटी कोटी कोटी रेणू असतात. 1971 मध्ये मोलला मूळ एककाचा दर्जा मिळाला. 20 मे 2019 पासून ही संख्या मोजून काढायची राहिली नाही, ती 6.02214076 गुणिले 10 चा 23वा घात अशी कायमची ठरवून टाकण्यात आली. त्यासाठी शास्त्रज्ञांनी शुद्ध सिलिकॉनचा एक जवळजवळ निर्दोष गोळा घडवून त्यातले अणू मोजले होते.

ॲव्होगॅड्रो यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाली तेव्हा, 1956 मध्ये, इटलीने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. त्यावर त्यांचा चेहरा आहे आणि व्हेर्चेलीत सुचलेला तो वायूंचा नियम शब्दांत छापला आहे. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी संख्या त्यांनी स्वतः कधी काढली नव्हती. ती किती, हे त्यांना अखेरपर्यंत माहीत नव्हते.